थिएटरमधला आकडा नेमका कशाचा?

प्रश्न : मी ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियन आहे. ट्रॅकिऑस्टॉमीच्या (गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवण्याच्या शस्त्रक्रियेच्या) वेळी मी घरचा पीएम २.५ मॉनिटर (हवेतले बारीक कण मोजणारं यंत्र) थिएटरमध्ये ठेवून पाहिला. श्वासनलिका उघडायच्या आधीच आकडा झपकन चढला. रुग्णाचे जंतू इतक्या लवकर हवेत येतात का? – एक वाचक, मिरज

उत्तर : आकडा कधी चढला हे तुम्ही टिपून ठेवलंत, तिथेच अर्धं उत्तर मिळालं. श्वासनलिका अजून बंद होती, म्हणजे तो बहुधा डायथर्मीचा (विजेच्या उष्णतेने ऊती कापायच्या आणि रक्तस्राव थांबवायच्या उपकरणाचा) धूर. जळका वास आला की मॉनिटरकडे बघा, खात्री पटेल. लेझरच्या उजेडात जे चमकतं ते हे यंत्र मोजतं. धूर, थुंकीचा तुषार, ड्रेप (रुग्णावर अंथरायचं कापड) झटकताना उडालेले धागे, त्याला सगळं सारखंच; त्यात जंतू आहेत की नाहीत हे कळायला त्याच्याकडे काही सोय नाही. (धूरही काही आरोग्यदायी नव्हे. धूर ओढून घेणाऱ्या सक्शनचं टोक छेदाजवळच धरा.)

दुसरी भानगड आधीच्या धुळीची. साध्या थिएटरच्या हवेत लिटरमागे हजारो कण असतातच, त्यात चार-दोन नवे कुठे दिसणार? म्हणून २०२० साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या भूलतज्ज्ञांनी अतिस्वच्छ हवेच्या थिएटरमध्ये मोजणी केली. तिथे मुळात लिटरमागे सरासरी ०.४ कण होते. भूल देताना तोंडावाटे श्वासनलिकेत नळी घालताना १.४ भरले, ती काढताना २१. आणि मुद्दाम काढलेल्या खोकल्याला ७३२! मी स्वतः भूल देते. नळी घालताना आम्ही सगळे श्वास रोखून उभे असायचो आणि काढताना मात्र गप्पा सुरू, ते आठवून हसू आलं. अर्थात ही मोजणी ट्रॅकिऑस्टॉमीची नव्हे. तेव्हा त्या आकड्यांवर विसंबून मास्क उतरवू नका.

तुम्हाला पुन्हा मोजायचंच असेल तर आधी सर्जन आणि भूलतज्ज्ञांना विचारा. मॉनिटर स्टराइल (निर्जंतुक ठेवलेल्या) भागापासून लांब, पण दर वेळी एकाच जागी ठेवा. रुग्ण आत येण्याआधी रिकाम्या थिएटरचा आकडा घ्या. मग घड्याळ लावून लिहा : त्वचेचा छेद, डायथर्मी, श्वासनलिका उघडली, नळी बसली, सक्शन, रुग्ण खोकला. श्वासनलिका उघडण्याआधी व्हेंटिलेटर थांबवला होता का, हेही लिहा. चालू राहिला तर त्या छेदातून हवा थेट सर्जनच्या तोंडावर येते, आणि पुढची नोंद वाचताना मला सगळ्यात आधी तेच बघायचं आहे.