टाकी घ्या, ठराव देऊ नका

ताई, तुमचा भाऊ छोटा उदेपूरकडे ज्या गावात शिक्षक आहे, तिथं डोलोमाइटची खाण येतेय. मालक म्हणतो, 'सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चातून, पाण्याची टाकी बांधून देतो, ग्रामसभेचा ठराव द्या.' टाकी घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. खुशाल घ्या. ठराव तिच्या बदल्यात नको.

बडोद्यात खाणवाल्यांच्या वह्या लिहिण्यात माझी वीसेक वर्षं गेली. सीएसआर बंधनकारक होतो तो ५ कोटी निव्वळ नफा, १,००० कोटी उलाढाल किंवा ५०० कोटी नक्त मालमत्ता यांपैकी एक तरी गाठणाऱ्या कंपनीला. एक क्रशर नि चार ट्रकवाल्याला कसला सीएसआर? अशीच एक टाकी मी स्वतः 'जाहिरात खर्चा'त टाकलीय.

गावाच्या हक्काचा पैसा वेगळा. खाण कायद्याच्या २०१५च्या दुरुस्तीनं जिल्हा खनिज प्रतिष्ठान (खाणीची झळ बसणाऱ्या गावांसाठीचा निधी) आलं, पट्टेदार, म्हणजे खाणीचा पट्टा मिळालेला, सरकारच्या रॉयल्टीखेरीज तिथं वेगळे पैसे भरतो. मुख्य खनिजांत लिलावाच्या पट्ट्यावर रॉयल्टीच्या १० टक्के, जुन्यावर ३०. गौण, म्हणजे राज्याच्या अखत्यारीतल्या, खनिजांचा दर राज्य ठरवतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत डोलोमाइट गौण झालं, आणि गंमत इथंच आहे. पेसा कायद्यानुसार (आदिवासी भागांतल्या पंचायतींचा कायदा, १९९६) अनुसूचित, म्हणजे आदिवासी म्हणून जाहीर झालेल्या, क्षेत्रात गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीची शिफारस लागते. तो 'किंवा' मोठा लबाड आहे. सरपंचाची सही परस्पर घेतली जाते, म्हणून ग्रामसभेचं इतिवृत्त हजेरीसकट लिहून घ्या. जुन्या बडोदे जिल्ह्यातले छोटा उदेपूर नि नसवाडी तालुके अनुसूचित. गाव कशात पडतं ते आधी बघा.

आणि मजुरांच्या हजेरीचं विसरू नका. गोध्र्याच्या क्वार्ट्ज कारखान्यांत मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलीराजपूरचे आदिवासी सिलिकोसिसनं, म्हणजे दगडाच्या धुळीनं होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगानं, गेले. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख द्यायला लावले, तेही गुजरात सरकारला. डोलोमाइटची धूळ क्वार्ट्जइतकी वाईट नसते, पण नाव मस्टरवर नसलं की मजूर तिथं होता हेच सिद्ध करता येत नाही. ओली ड्रिलिंग, हजेरी कार्ड, दरवर्षी छातीचा एक्स-रे, हे ठरावातच अटी म्हणून घाला. टाकीचा उल्लेख त्यात कुठंही येऊ देऊ नका.

गुजराती मसुदा मी करून देतो. आधी अर्ज किती हेक्टरचा आहे आणि सर्व्हे नंबरांत गोचर (गायरान) येतं का, तेवढं भावाला विचारून कळवा.