दोन लोकनायक आणि कितीतरी दादासाहेब

प्रश्न वणीकडच्या एका शिक्षकांचा आहे. लोकनायक बापूजी अणे, म्हणजे माधव श्रीहरी अणे, यांच्यावरच्या भित्तिपत्रकात मुलांनी ‘लोकनायक’ या शब्दाखाली जयप्रकाश नारायणांची माहिती चिकटवली. नाव एकच, पण आपसांत काही संबंध नाही, अशा माणसांना मराठीत काय म्हणायचं आणि लिहिताना घोळ कसा टाळायचा, असं ते विचारतात.

या प्रकाराला ‘नामसाधर्म्य’ म्हणतात, ‘नामसाम्य’ही चालतं. माणसासाठी ‘समनामी’ लिहावं. बोलताना ‘त्याच्याच नावाचा’ पुरतं. हिंदीच्या शेजारामुळे आपल्याकडे ‘हमनाम’ही कानावर पडतो, तोही समजतो.

पण भित्तिपत्रकातला घोळ नामसाधर्म्याचा नाही. माधव श्रीहरी अणे आणि जयप्रकाश नारायण यांच्या नावात एक अक्षरही जुळत नाही, जुळतं ते बिरुद. म्हणून तिथे ‘दोघांचं बिरुद एकच’ असं लिहावं. शिवाय अणे १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल होते आणि जयप्रकाश मूळचे बिहारचेच, त्यामुळे ‘बिहार’ शब्द पाहून निवाडा करता येत नाही. साल पाहावं. १९३० चा पुसदचा जंगल सत्याग्रह असेल तर अणे, १९७४ चं आंदोलन असेल तर जयप्रकाश. अणे १९६८ मध्येच वारले होते.

तिसरा प्रकार हाकेच्या नावाचा. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे म्हणजे गणेश श्रीकृष्ण, चित्रपटवाले दादासाहेब फाळके म्हणजे धुंडिराज गोविंद, लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर म्हणजे गणेश वासुदेव, आणि चंद्रपूरकडचे मुख्यमंत्री दादासाहेब कन्नमवार म्हणजे मारोतराव. ‘दादासाहेब’ यांपैकी एकाचंही पाळण्यातलं नाव नाही. नुसतं ‘दादासाहेब म्हणाले’ हे त्या त्या घरात, तालुक्यात चालतं. त्याबाहेरच्या वाचकासाठी पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव द्यावं, पुढे खुशाल दादासाहेब.

खेड्यात हा प्रश्न रोजचाच. शेगावच्या आसपास तर गजानन नावाची माणसं कमी नाहीत. ‘मोठा गजानन, लहाना गजानन’ म्हणून काम भागतं, पण तिसरा आला की फसतं, आणि कागदावर तर ‘मोठा’ कोणापेक्षा ते कळतच नाही. वेटाळ (म्हणजे मोहल्ला), बापाचं नाव, धंदा या खुणा टिकतात : खालच्या वेटाळातला गजानन, गिरणीवाला गजानन. निवडणुकीचा नियमही हेच सांगतो. १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांप्रमाणे दोन उमेदवारांचं नाव एकच असेल तर व्यवसाय, राहण्याचं ठिकाण किंवा दुसरी काही खूण जोडून ते वेगळे दाखवायचे असतात. वर्तमानपत्रातला ‘नामसाधर्म्याचा फटका’ हा शब्दप्रयोग निवडणुकांच्या बातम्यांतच जास्त दिसतो, आणि तिथे तो चपखल आहे. २०१४ ला रायगड लोकसभेत सुनील तटकरे २११० मतांनी हरले आणि त्यांच्याच नावाच्या अपक्षाला त्याहून कितीतरी जास्त मतं पडली होती.

कलाकृतींच्या बाबतीत मराठीचं लिंग फार कामाला येतं. आपली यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावर धावायची ती छोटी गाडी शकुंतला, आणि कालिदासाच्या नाटकावरून अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये रंगभूमीवर आणलेलं ते ‘शाकुंतल’. ‘शकुंतला सुटली’ म्हटलं की गाडी, ‘शाकुंतल पाहिलं’ म्हटलं की नाटक. पहिल्या अक्षराचा काना गाळला तर हा फरक पुसट होतो, आणि नेमका तोच गाळला जातो. नायिका आणि गाडी मात्र दोघीही स्त्रीलिंगी, म्हणून तिथे ‘शकुंतला गाडी’ असंच लिहावं.

आता ‘उर्फ’. एकाच माणसाची दोन नावं जोडायला तो वापरतात : ‘गणेश उर्फ दादासाहेब खापर्डे’. समनाम्यांमध्ये त्याला जागा नाही. सातबाऱ्याच्या कामात ही चूक महागात पडते. ‘एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र’ हे एका माणसाची दोन नावं नोंदली गेली असतील तेव्हाचं. गावात त्याच नावाचा दुसरा खातेदार असेल तर सांगायचं असतं नेमकं उलट. तेव्हा अर्जात बापाचं नाव लिहावं. तेही जुळत असेल तर आज्याचं नाव आणि गट क्रमांक, दोन्ही लिहावेत.