कातरवेळेला काम नेमून दे

५ नोव्हेंबर २०२०

प्रिय मुली,

करोनामुळे तुझ्याकडे पुन्हा टाळेबंदी लागली आणि तू पुन्हा त्या शेतातल्या घरी जाऊन राहिलीस, हे तुझ्या मेसेजवरून कळलं. "सर, इथे सगळं छान आहे. पण दिवस सरता सरत नाही, आणि आठवडा मात्र कधी गेला ते समजत नाही." हे वाक्य मी दोनदा वाचलं. ऐकायला उलटसुलट वाटतं, पण तंतोतंत खरं आहे. वेळ कसा घालवू, असं तू विचारलंयस. माझ्या मते तुझी अडचण वेगळी आहे. वेळ जातोय, पण त्यावर खुणा पडत नाहीत.

मिशेल सिफ्र नावाचा एक फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ होता. १९६२ साली, तेविसाव्या वर्षी, तो आल्प्समधल्या एका गुहेत दोन महिने एकटा राहिला. सोबत घड्याळ नाही, सूर्याच्या उजेडाचा पत्ता नाही. झोपताना आणि उठल्यावर तो वर फोन करून सांगायचा, वरची माणसं वेळ टिपून ठेवायची, पण त्याला काही सांगायची नाहीत. १४ सप्टेंबरला त्याची मुदत संपली तेव्हा त्याच्या हिशेबानं तारीख होती २० ऑगस्ट. पंचवीस दिवस गायब! सेकंदाला एक अशा बेतानं एकशेवीसपर्यंत मोजायला सांगितलं, तर त्याला पाच मिनिटं लागली. आजचा दिवस कालच्यासारखाच असला की मन ते एकावर एक रचून ठेवतं, आणि मागे वळून पाहावं तर गड्डी अगदीच पातळ.

तुझ्या डोक्यावर गुहेचं छत नाही, चांगलं मोकळं आकाश आहे. पण पडदा ओढून दिवसभर लॅपटॉपसमोर बसलीस तर फरक काय राहिला, सांग.

मार्चमध्ये मीही एका मित्राच्या रिकाम्या घरात असाच अडकलो होतो. गावाबाहेर, चार-पाच घरांच्या वस्तीला लागून. पहिल्याच रात्री मी तासावार वेळापत्रक आखलं. नवी भाषा, सहा जाडजूड पुस्तकं, पहाटे व्यायाम. नवव्या दिवशी तो कागद खिडकीची खडखड थांबवायला फटीत गेला, आणि तेवढाच काय तो त्याचा उपयोग झाला. त्यात दिवसाआड कुणीतरी न्यूटनचा दाखला पाठवायचं: प्लेगमुळे विद्यापीठ बंद पडलं, पठ्ठ्या गावी गेला आणि जग बदलून परतला. गोष्ट खोटी नाही. १६६५ च्या उन्हाळ्यात केंब्रिज बंद झालं, तो वूल्सथॉर्पला घरी गेला आणि मधले काही महिने सोडले तर १६६७ पर्यंत तिथेच राहिला. पण त्याच्या वह्या प्लेगच्या आधीपासून भरत होत्या, हे कुणी सांगत नाही. जे डोक्यात घेऊन तो गेला होता, तेच तिथे पिकलं. टाळेबंदीनं कुणाच्या डोक्यात नवीन बी पेरलेलं मी तरी पाहिलं नाही. तेव्हा या सुट्टीत काहीतरी भव्य करून दाखवायचंय, हे ओझं आधी खाली ठेव. आणि ही सुट्टीही नाही.

मला तारलं ते एका पेन्सिलीनं. सकाळी आठ वाजता पूर्वेच्या खिडकीतून समोरच्या भिंतीवर उन्हाचा चौकोन पडायचा. एकदा सहज त्याच्या कोपऱ्यावर खूण केली आणि बाजूला तारीख घातली. दुसऱ्या दिवशी कोपरा खुणेच्या जरा खाली आणि बाजूला. आठवडाभरात तो पाऊण वीत सरकला होता. मग नादच लागला. आठला पाच कमी असताना मी पेन्सिल कानावर ठेवून भिंतीसमोर हजर. ढगाळ दिवशी नुसती तारीख आणि फुली. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात चौकोन जवळजवळ जागचा हलेना आणि जुलैत तो चक्क उलट पावली निघाला. दक्षिणायन शाळेत पाठ केलं होतं, भिंतीवर चालताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आजही 'एप्रिलमध्ये काय केलंस' म्हटलं की मला त्या खुणांची तिरकी रांग आठवते, आणि रांगेच्या आधाराने बाकीचंही: या खुणेच्या दिवशी वादळ झालं, या खुणेला शेजारच्या म्हातारीनं पहिल्यांदा हाक मारली. (मित्राला भिंत अजून रंगवू दिलेली नाही.)

म्हातारीवरून आठवलं. पोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी मोठ्या उत्साहानं वस्तीवर ओळख करून घ्यायला निघालो होतो. ती अंगणात होती. मला येताना पाहिलं आणि काही न बोलता चार पावलं मागे सरकली. मला आधी रागच आला. मग लख्ख कळलं: शहरातून रोग घेऊन येण्याची शक्यता असलेला इथे मी एकटाच. चौदा दिवस मी कुंपणाच्या आत राहिलो, हे पोचल्या दिवशीच करायला हवं होतं. इंग्लंडमध्ये ईम नावाचं खेडं आहे. प्लेग तिथे १६६५ मध्ये लंडनहून आलेल्या कापडाबरोबर पोचला असं मानतात. पुढच्या वर्षी गावानं स्वतःच वेस बंद करून घेतली, आसपासची गावं वाचावीत म्हणून. बाहेरचे लोक सीमेवरच्या दगडापाशी सामान ठेवून जायचे आणि दगडातल्या खळग्यांत, रोग धुऊन निघावा म्हणून, व्हिनेगर भरून त्यात गावकरी नाणी ठेवायचे. अडीचशेहून जास्त माणसं गेली त्या एका गावात. शहरातून मोकळ्या हवेत पळून येता येणं ही आपली चैन असते, तिची किंमत दुसऱ्या कुणाला मोजायला लागू नये. तुझे चौदा दिवस पुरे झाले नसतील तर आधी ते कर. झाल्यावरही बोलणं कुंपणापलीकडूनच. मात्र बोल. रोज. हवेबद्दल, जनावरांबद्दल, काहीही. आणि एखादं काम असं अंगावर घे, जे तू नाही केलंस तर अडेल. दहा रोपांना पाणी घालणंही चालेल. रोपांना 'आज मूड नाही' हे कळत नाही, ते बरं असतं.

बातम्या दिवसातून एकदा, उभ्यानं. फोन उशाशी नको. बाकी झोप, व्यायाम वगैरे तुला माहीत आहे, त्यावर मी शाई घालवत नाही.

आता मुख्य गोष्ट. तू लिहिलंयस की संध्याकाळ खायला उठते. उठणारच. काम संपलेलं असतं, दिवा लावावा इतका अंधार नसतो, आणि लांबची माणसं नेमकी तेव्हाच आठवतात. आपल्याकडे तिला उगाच कातरवेळ म्हणत नाहीत. या वेळेला मोकळं सोडू नकोस, तिला काम नेमून दे. आणि यंदा तुझं नशीब असं की काम आकाशानंच काढून ठेवलंय.

सूर्य बुडाल्यावर पाऊण-एक तासानं नैर्ऋत्येला, म्हणजे दक्षिण आणि पश्चिमेच्या मधल्या बाजूला बघ. सगळ्यात ठळक, न लुकलुकणारा ठिपका दिसेल, तो गुरू. त्याच्या जवळचा पिवळसर, जरा मंद, तो शनी. गुरूला सूर्याभोवती फिरायला सुमारे बारा वर्षं लागतात, शनीला साडेएकोणतीस. त्यामुळे साधारण वीस वर्षांनी गुरू शनीला गाठतो. मागची गाठ २००० साली पडली होती. यंदाची २१ डिसेंबरला आहे, आणि त्या संध्याकाळी दोघांतलं अंतर अंशाच्या दहाव्या भागाएवढं, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या पाचव्या हिश्शाएवढं असेल. इतके जवळ ते १६२३ नंतर आलेले नाहीत, आणि तेव्हा ते सूर्याच्या इतक्या लगत होते की बहुतेकांना दिसलेच नसणार.

पण मला २१ तारखेचं कौतुक नाही. त्या दिवशी सगळे माना वर करतील, आणि तुझ्याकडे नेमके ढगही असतील. मला हवेत ते त्याआधीचे साडेसहा आठवडे. हात सरळ लांब कर आणि एक डोळा मीट. करंगळीची रुंदी म्हणजे जवळपास एक अंश, मधली तीन बोटं जुळवली की पाच. दोघांत किती बोटं मावतात ते वहीत लिही, सोबत तारीख आणि त्या दिवसाची एकच ओळ. जास्त नको, एकच. डिसेंबर उजाडेल तेव्हा दोन करंगळ्या उरतील, पुढच्या दहा-एक दिवसांत एक. एका संध्याकाळपुरतं पाहिलंस तर ते हलतायत असं वाटणारही नाही. तुला कंटाळा येईल तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी. मलाही भिंतीचा आला होता. पाचव्या दिवशी तरीही जा.

पत्र इथे थांबवून मी आत्ता गच्चीवर जाऊन आलो. खाली थोडे ढग होते, पण दोघेही दिसले. माझी आजची नोंद: तीन बोटं, अगदी काठोकाठ. तुझी किती भरली ते उद्या कळव.

— सर