आकडा नंतर, प्रश्नावली आधी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

भारतात २०२२-२३ मध्ये गरीब ५.३ टक्के, ११.२८ टक्के की २३.९ टक्के, यातलं खरं कोणतं, असं तू विचारलंयस. पहिला आकडा जागतिक बँकेच्या माणशी रोजच्या ३ डॉलरच्या दारिद्र्यरेषेचा, म्हणजे त्याहून कमी खर्चात दिवस काढणाऱ्यांचा, तिसरा त्याच बँकेच्या ४.२० डॉलरच्या रेषेचा. मधला नीती आयोगाचा. त्यात खर्च मोजलेलाच नाही. पोषण, शाळा, चुलीचं इंधन, संडास, बँक खातं अशा १२ बाबतींतली वंचितता मोजलीय. शिवाय त्यासाठी लागणारी पाहणी त्या वर्षी झालीच नव्हती, आधीच्या पाहण्यांचा कल पुढे ओढून काढलेला तो अंदाज आहे. तू तीन तक्ते पाठ केलेस आणि एकही प्रश्नावली उघडली नाहीस. आकडा नंतर वाचायचा असतो, बाई.

डॉलरचं चटकन सांगतो. हे बँकेत बदलून मिळणारे डॉलर नव्हेत. क्रयशक्तीच्या हिशेबात, म्हणजे अमेरिकेत डॉलरला मिळणारा माल इथे किती रुपयांना पडतो ते पाहून, २०२१ साली एका डॉलरला साधारण २० रुपये धरतात. बाजारात तेव्हा ७४ च्या आसपास पडत. म्हणजे ३ डॉलरची रेषा माणशी दिवसाला साठेक रुपयांची, तीही २०२१ च्या भावाने.

खरी गंमत पुढे आहे, घरोघरी खर्च विचारण्याच्या पद्धतीत. 'गेल्या ३० दिवसांत भाजी, फळं, अंडी किती घेतली?' असं विचारलं की माणूस विसरतो. तेच ७ दिवसांचं विचारलं तर बरंच आठवतं आणि महिन्याचा हिशेब फुगतो. कपडे, चपला, शाळेची फी यांचं उलट. ३० दिवसांचं विचारलं तर बहुतेक घरं शून्य सांगतात, ज्यांनी नेमकी त्याच महिन्यात खरेदी केली तेवढ्यांचा आकडा मोठा येतो. ३६५ दिवसांचं विचारलं तर प्रत्येकाकडे काहीतरी निघतं. सरासरी खाली येते, पण तळातली घरं वर सरकतात. १९९० च्या दशकात घरोघरी खर्च विचारणाऱ्या सरकारी राष्ट्रीय नमुना पाहणीने निम्म्या घरांना जुनी, सरसकट ३० दिवसांची, आणि निम्म्यांना नवी, खाण्याला ७ आणि कपड्यांसारख्यांना ३६५ दिवसांची, मुदत लावून पाहिली, तेव्हा नव्या मुदतीने गरिबी जवळपास निम्मी दिसली. कुणाच्या ताटात एक भाकरी वाढली नव्हती. मग १९९९-२००० मध्ये खाण्यापिण्याचे ७ आणि ३० दिवसांचे रकाने एकाच कागदावर शेजारी-शेजारी छापले, उत्तरं एकमेकांत मिसळली आणि अर्थतज्ज्ञ कित्येक वर्षं भांडत बसले. म्हणून म्हणतो, प्रश्नावली आधी.

आता तुझ्या प्रबंधातला आलेख. २०११-१२ चे २१.९ टक्के सरकारने नेमलेल्या तेंडुलकर समितीच्या रेषेचे: खेड्यात माणशी महिना ८१६ रुपये, शहरात १०००. शेजारी तू २०२२-२३ चे ५.३ टक्के ठेवून सरळ रेघ ओढलीस. रेषा वेगळी, मुदत वेगळी. एवढंच नाही, २०११-१२ मध्ये अन्वेषक, म्हणजे पाहणीचे प्रश्न विचारणारा माणूस, घरी एकदा गेला होता, २०२२-२३ मध्ये तीन प्रश्नावल्या घेऊन तीन वेगवेगळ्या महिन्यांत गेला. घरं निवडण्याची पद्धतही बदलली. सरकारी योजनांतून फुकट मिळालेल्या रेशन वगैरे वस्तूंची किंमत धरली की खेड्यातला दरडोई मासिक खर्च ३,७७३ वरून ३,८६० होतो; यातला कोणता घेतलास ते तळटीपेत कुठेच नाही. गरिबी घटली याबद्दल माझा वाद नाही, ती चांगलीच घटलीय. किती घटली, ते या रेघेवरून सांगता येत नाही.

लोक मला यावरून किरकिऱ्या म्हणतात. म्हणू देत. पुण्याच्या गोखले संस्थेत अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली माणशी रोजच्या २,२५० उष्मांकांवरून (कॅलरींवरून) १९६०-६१ च्या भावाने खेड्यासाठी माणशी महिना १५ रुपये आणि शहरासाठी साडेबावीस ठरवले, तेव्हा गृहीतं उघड मांडली होती. त्यामुळे त्यांच्याशी नीट भांडता तरी आलं. आमच्या पिढीने पुढे रेषा कुठे ओढायची यावर जन्म घालवला, घरात बसून विचारणाऱ्या अन्वेषकाकडे पाहिलंच नाही, ही खंत आहे. ती तुझ्यावर लादतोय असं वाटलं तर वाटू दे.

आणखी एक, तुझ्या प्रबंधात अजिबात नसलेलं. रेषा ६० रुपयांची धर. ५८ वाल्याला २ मिळाले की एक गरीब कमी झाला. ३० वाल्याला १५ दिले तर टक्केवारी ढिम्म हलत नाही. लक्ष्य टक्क्यांचं असेल तर अधिकारी ५८ वालाच शोधणार. म्हणून टक्क्यांशेजारी तूट दे: प्रत्येक गरीब रेषेच्या किती खाली आहे त्याचं रेषेशी प्रमाण काढ, सगळ्यांची बेरीज कर आणि एकूण लोकसंख्येने भाग. पहिल्या बाबतीत तूट नावाला कमी होते, दुसऱ्या बाबतीत भरपूर. घरात शेवटी जेवणारीच्या वाट्याला काय येतं, हे मात्र यातही दिसत नाही, कारण खर्च घराचा विचारतात आणि डोक्यांनी भागतात.

तेव्हा आलेखातली रेघ खोड, दोन सुटे ठिपके ठेव. प्रत्येकाखाली रेषा, भावाचं वर्ष, आठवणीच्या मुदती, भेटी किती आणि रेशन धरलं की नाही, एवढं लिही. दोन्ही प्रश्नावल्या परिशिष्टात जोड. मग पाठव, वाचतो.