आंतरराष्ट्रीय डिजिटल करारांतून छोट्या गावातल्या माणसाला खरंच काही मिळतं का?

'शाश्वत आणि न्याय्य डिजिटल तंत्रज्ञानासाठी जागतिक सहकार्य' म्हणत ज्या परिषदा होतात, त्यांतून गावाकडच्या माणसाच्या पदरात काही पडतं, की नुसतीच भाषणं? असा तुमचा प्रश्न आहे. माझं बेळगावात मोबाईल-लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे, बरंचसं गिऱ्हाईक खानापूर, जांबोटी, निपाणीकडचं. काउंटरच्या आतून दिसतं ते सांगतो. पदरात पडतं, पण जिथे कंपनीला काहीतरी करणं भाग पडतं तिथेच. आणि त्यातही एक मेख आहे.

आधी चार्जर घ्या. युरोपियन संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोन, टॅब्लेट, कॅमेऱ्यांना टाइप-सी सक्तीचं केलं. ॲपलने तर आधीच, २०२३ च्या आयफोन १५ पासून, ते देऊन टाकलं, आणि जगभर दिलं. एका देशासाठी एक साचा आणि दुसऱ्यासाठी दुसरा, हे कुणाला परवडतंय? त्यामुळे कायदा झाला ब्रुसेल्सला आणि माल आला खडेबाजारात. आपल्याला कुणी विचारलं नव्हतं, तरी फायदा झाला. याला सहकार्य म्हणायचं की मोठ्या गिऱ्हाइकाचा दबाव, ते तुम्ही ठरवा. माझ्या मते दबावच.

मेख पुढे आहे. फोनची बॅटरी फुगली की मागचं झाकण तापवून उचलावं लागतं. आत बॅटरी डिंकाने अशी चिकटवलेली असते की स्पिरिटचे थेंब सोडून, प्लास्टिकची पट्टी सरकवत ती सोडवताना श्वास रोखून धरावा लागतो, कारण खालून डिस्प्लेची स्ट्रिप गेलेली असते. ती दुखावली की अख्खा फोल्डर, म्हणजे काचेसकट पूर्ण डिस्प्ले, बदला. बरं, अस्सल फोल्डर कंपनीकडून मिळेलच असं नाही. मग बेंगळुरूच्या एस. पी. रोडवरून कॉपी मागवायची, आणि गिऱ्हाइकाला सांगायचं की रंग थोडे फिके दिसतील. दोन-तीन वर्षांचा धडधाकट फोन निव्वळ भागाअभावी डेड ठरतो.

युरोपात २० जून २०२५ पासून यावर नियम लागू आहे. त्या तारखेनंतर तिथे बाजारात येणाऱ्या फोनला, मॉडेलची विक्री थांबल्यावरही निदान ५ वर्षं अपडेट आणि ७ वर्षं ठरावीक सुटे भाग द्यायचे, बॅटरीने ८०० वेळा चार्ज होऊनही ८० टक्के क्षमता राखायची. टाइप-सीसारखं हेही आपोआप बेळगावपर्यंत येईल असं वाटतं ना? बॅटरीचा टिकाऊपणा येईल कदाचित, तो फोनमध्येच बसवलेला असतो. सुटे भाग येणार नाहीत. ते पुरवायची जबाबदारी तिथल्या बाजारापुरती, आपल्याकडे ते पुरवलेच पाहिजेत असं कंपनीवर बंधन नाही. दिल्लीत दुरुस्ती निर्देशांकासाठी, म्हणजे वस्तू दुरुस्त करायला किती सोपी याचे गुण ठरवण्यासाठी, समिती नेमली, २०२५ मध्ये तिचा अहवालही सरकारकडे गेला, पण सक्ती अजून नाही. देशादेशांतल्या सहकार्याची खरी गरज आहे ती इथे. वस्तूत बसलेला नियम वस्तूबरोबर फिरतो, सेवेचा नियम सीमेवर थांबतो. सीमा म्हणजे काय, हे आम्हा सीमाभागातल्यांना वेगळं सांगायला नको!

आता भंगाराकडे. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला, त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांची रीतसर पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. आमच्या उद्यमबागेत फाउंड्र्या आहेत, त्यामुळे भंगार वितळवून पुन्हा माल करणं इथल्या लोकांना नवं नाही. पण बिडाचं भंगार वेगळं आणि मदरबोर्ड वेगळा. त्यात तांबं, सोनं, शिसं, प्लास्टिक सगळं एकमेकांत बसलेलं. उघड्यावर जाळून तांबं काढणाऱ्याच्या छातीत तो धूर जातो. देशादेशांतली घातक कचऱ्याची ने-आण आवरणाऱ्या बासेल करारात दुरुस्ती होऊन १ जानेवारी २०२५ पासून धोकादायक असो वा नसो, कुठलाही ई-कचरा दुसऱ्या देशात पाठवण्याआधी त्या देशाची लेखी संमती घ्यावी लागते. ही मागणी घाना आणि स्वित्झर्लंडने मिळून लावून धरली होती. या सगळ्या प्रकारात मला मनापासून सहकार्य वाटलं ते हेच. अमेरिकेने मात्र मूळ करारालाही अजून मंजुरी दिलेली नाही. शिवाय 'दुरुस्तीसाठी वापरलेला माल' असं लेबल लावून कचरा सरकवायची वाट आहेच. ती साफ बंद करा म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही, कारण माझ्यासारख्यांचं पोट वापरलेल्या मालावरच चालतं.

संयुक्त राष्ट्रांचा सप्टेंबर २०२४ चा जागतिक डिजिटल करार वाचायला छान आहे, पण कायद्याने कुणालाच बांधत नाही. त्याबद्दल एवढंच.

त्यापेक्षा न बोलता चाललेलं सहकार्य जास्त कामाचं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ रीतसर चढत नाही. जादा वर्षभराच्या सुरक्षेसाठी आपल्याकडे सेटिंग्ज क्लाउडवर ठेवा, मायक्रोसॉफ्टचे रिवॉर्ड पॉइंट वापरा नाहीतर ३० डॉलर भरा अशा अटी. युरोपातल्या घरगुती ग्राहकाला या अटींतून सूट. असे लॅपटॉप आले की मी रॅम वाढवतो, एसएसडी (वेगवान डिस्क) टाकतो आणि विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम चढवतो. ते कुठल्या एका देशाचं नाही, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलंय, आणि मराठी-कन्नड दोन्ही कीबोर्ड त्यात फुकट आहेत. खानापूरकडच्या पोरांना कॉलेजला दोन्ही लागतात. केरळच्या सरकारी शाळा कितीतरी वर्षं लिनक्सवर चालतात, मग आपल्याकडेच एवढी भीती कशाची, कळत नाही.

तुमच्या हातात काय, तर पुढचा फोन घेताना दुकानदाराला दोन गोष्टी विचारा: अपडेट किती वर्षं, आणि बॅटरी-फोल्डर कंपनीकडून किती वर्षं मिळेल. पहिल्याचं उत्तर हल्ली बऱ्याचदा मिळतं. दुसऱ्याला 'कव्हर देऊ का सोबत?' असं ऐकायची तयारी ठेवा.