ताठ असतो तो कणा, मणका नव्हे

प्रश्न असा: 'पाठीचा मणका' आणि 'पाठीचा कणा' यांत फरक काय? शिवाय मेडिकलच्या पहिल्या वर्षाला असलेल्या भाचीला ३३ मणक्यांची नावं पाठ होत नाहीत, काही मराठी युक्ती आहे का?

फरक आहे, आणि तो रोज तुडवला जातो. 'ताठ मणक्याचा नेता' ऐकून कान किटले. एकट्या मणक्याला ताठ काय नि वाकडं काय! अख्खा तो कणा, त्यातला एकेक तो मणका. कण्याला मणका म्हणणं म्हणजे माळेला मणी म्हणणं, आणि ही नुसती उपमा नाही. मणका हा मणीच आहे. 'मणि'ला 'क' जोडलेला शब्द. हिंदीत 'मनका' म्हणजे आजही जपमाळेचा मणी. सुटा मणका हातात घेऊन बघा: आरपार भोक. एकावर एक रचले की भोकांची नळी होते आणि तिच्यातून मज्जारज्जू दोऱ्यासारखा खाली येतो. लॅटिन 'व्हर्टिब्रा' आलं वळण्याच्या धातूवरून. त्यांना हालचाल दिसली, आपल्याला ओवण. आणि परिभाषाकारांनी काय केलं? 'कशेरुका' आणली, जी कळायला कंसात 'मणका' लिहावा लागतो. मग कंसातलाच बाहेर काढा की!

मण्याचा विषय निघालाच आहे तर मनगट. त्याचा मनाशी काडीचा संबंध नाही. संस्कृतात मनगट म्हणजे मणिबंध. रत्न बांधायची जागा म्हणून मणिबंध, असं सांगतात. मला हे पटत नाही. रत्न गळ्यात बांधतात, दंडावर बांधतात, मग मान मणिबंध का नाही? तळहात वर करा, मनगट जरा आत वाकवून सैल सोडा आणि करंगळीच्या बाजूला, तळहात सुरू होतो तिथे चाचपा. वाटाण्याएवढं हाड लागेल, चिमटीत धरलं तर किंचित हलतंही. लॅटिनवाल्यांनी त्याला वाटाण्यावरूनच 'पिसिफॉर्म' म्हटलं. माझ्या मते मणिबंधातला मणी हाच, आणि 'मनगट' म्हणजे मणी अधिक गाठ. 'मनगट' हे 'मणिबंध'चंच रूप म्हणणाऱ्यांनी 'बंध'चं 'गट' कसं झालं हे आधी सांगावं, मग माझ्यावर हसावं.

हां, भाची. तिला सांगा, ३३ नावं नाहीतच. आहेत ते क्रमांक. मान ७, पाठ १२, कंबर ५: सातला नाश्ता, बाराला जेवण, पाचला चहा. खाली त्रिकास्थीचे (कंबरेखालच्या तिकोनी हाडाचे) ५ एकजीव झालेले आणि माकडहाडाचे बहुधा ४. (माकडहाड म्हणजे अगदी टोक, शेपटीची जागा, कंबरेवर हात ठेवून 'माकडहाड दुखतंय' म्हणू नये.) तोंडी परीक्षेत घोळ होतो तो इथे: मोठ्या माणसाची २०६ हाडं मोजताना कण्याची २६च धरतात, कारण त्रिकास्थी एक आणि माकडहाड एक. स्वतंत्र नावं लक्षात ठेवायची ती मुख्यतः दोन. पहिला ॲटलस, दुसरा ॲक्सिस. मान डोलावून 'हो' म्हणतो ते कवटी आणि ॲटलसच्या सांध्यावर, 'नाही' म्हणतो ते ॲटलस-ॲक्सिसच्या.

आणि पुस्तकावर घोकण्यापेक्षा मैत्रिणीच्या पाठीवर मोजावं. मान खाली घातली की मानेच्या बुडाशी मणक्याचा जो काटा (मागे निघालेलं टोक) ठळक वर येतो तो बहुतेक मानेचा सातवा. पण काहींत त्याच्या खालचा, पाठीचा पहिला, जास्त वर येतो आणि पुढची सगळी मोजणी एकाने चुकते. म्हणून ताळा घ्यायचा. हात खाली सोडलेले असताना खवाट्याचं, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाचं, खालचं टोक साधारण पाठीच्या सातव्याच्या पातळीला येतं, आणि कंबरेच्या दोन्ही हाडांचे वरचे काठ जोडणारी रेघ कंबरेच्या चौथ्यावरून जाते.