‘ग्रुपमध्ये ती तोंडच उघडत नाही’

समुपदेशक म्हणून हे वाक्य हल्ली इतक्यांदा ऐकते की पालक खुर्चीत टेकायच्या आत मला अंदाज येतो. ‘घरी नुसती बडबड, गटात बसवलं की तोंडाला कुलूप.’ आता त्याला एक शेपूट जोडलं गेलंय: ‘शाळेनं सगळं ऑनलाइन करून दिलंय, एकत्र लिहायची फाईल आहे, कमेंट टाकायची सोय आहे, तरी गप्पच!’

अशीच एक आई नववीतल्या मुलीला घेऊन आली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) प्रगतिपुस्तकावर शेरा होता, ‘गटकार्यात सहभाग नाही.’ विज्ञानाचा प्रकल्प, पाच जणांचा गट आणि पाचही जणांना उघडता येईल असं एक गूगल डॉक.

“गटात नेमकं काय होतं गं?”

“सगळे बोलतात.”

“आणि तू?”

“मी बोलायचं ठरवते, तोवर विषय पुढे गेलेला असतो.”

मी विवेकनिष्ठ विचारसरणीची, म्हणजे त्रास देणारा मनातला हट्टी विचार शोधून तो बदलायचा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955मध्ये मांडलेली ही पद्धत मला आजही पुरून उरते, आणि तिचं एक हुकमी वाक्य माझ्या ओठांवर असतंच: हसले लोक, तर काय आभाळ कोसळेल? मी ते टाकलं. मुलगी शांतपणे म्हणाली, “ते हसत नाहीत, मॅडम. त्यांना कळतच नाही मी काही म्हणणार होते ते.” चूक माझी होती. उत्तर हातात घेऊन प्रश्न शोधायला निघाले होते.

तिसऱ्या भेटीत तिला लॅपटॉपवर ते डॉक उघडायला सांगितलं आणि आम्ही वर्जन हिस्टरी बघितली. कुणी कधी काय लिहिलं आणि काय खोडलं, हे तिथे रंगांत दिसतं. तिचा रंग जांभळा. रात्रीच्या नोंदीत जांभळ्या अक्षरांत एक ओळ होती, ‘पाणी उन्हात आणि सावलीत दोन्हीकडे ठेवून बघूया का?’ तिच्यावर आडवी रेघ. खाली तीच ओळ जरा आखडून, ‘दोन्हीकडे ठेवलं तर?’ तीही खोडलेली. शेवटी शिल्लक राहिला होता एकच शब्द: ‘ओके’.

प्रयोगात तुलना हवी, हे गटात फक्त तिला सुचलं होतं. आणि शेरा होता, सहभाग नाही!

“का खोडलंस?”

“वर कुणाचं तरी चिन्ह आलं. म्हणजे ते बघत होते. मी लिहिताना चुकले की तेही दिसतं ना.”

आपण मोठी माणसं समजतो की लाजऱ्या मुलाला पडदा मिळाला की ते मोकळं होतं. इथे तो पडदा नव्हताच, वर्गातलं व्यासपीठच रात्री तिच्या खोलीत आलं होतं. लुकलुकणारा कर्सर म्हणजे समोर बसलेले प्रेक्षक.

तिला मनातलं वाक्य कागदावर लिहायला सांगितलं. तिनं लिहिलं, ‘पहिल्या फटक्यात नीट जमलंच पाहिजे.’ मी काही न बोलता ‘च’वर बोट ठेवलं. बराच वेळ ती बघत राहिली, मग पेन घेऊन ‘च’ खोडला. “आता वाच.” तिनं वाचलं, नाक मुरडलं. “अजून जडच वाटतंय.” पुन्हा खोडाखोड. शेवटी उरलं, ‘जमलं तर बरं.’ आणि ती हसली. त्या कागदावरच्या रेघोट्या लपवायच्या नव्हत्या, कारण त्या मला दाखवायच्याच होत्या. एका अक्षरावर एवढी गाडी हलते, म्हणून मला हे काम आवडतं.

पण ‘च’ खोडून अर्धंच काम होतं. उरलेलं अर्धं वर्गात होतं. तिच्या सरांना म्हटलं, फाईल सगळ्यांना एकदम उघडू नका. आधी पाच मिनिटं प्रत्येकानं आपापल्या कोऱ्या पानावर मुद्दे लिहायचे, मग सगळ्यांनी एकाच वेळी ते सामायिक डॉकमध्ये चिकटवायचे. कर्सर नाही, प्रेक्षक नाहीत. पॅडलेटसारखी चिठ्ठ्या लावायची ऑनलाइन भिंत वापरत असाल तर शिक्षकानं मान्यता दिल्यावरच चिठ्ठी दिसेल अशी सोय तिच्यात असते, ती सुरू ठेवा. निनावी चिठ्ठ्या मात्र फार दिवस नकोत. सुरुवातीला धीर येतो, पण मग टवाळी सुरू होते आणि चांगल्या मुद्द्याचं श्रेयही कुणाला मिळत नाही. चर्चेची सुरुवात स्वतःच्या मुद्द्यानं न करता शेजाऱ्याचा मुद्दा वाचून करायची. दुसऱ्याचं वाक्य मोठ्यानं म्हणणं सोपं जातं आणि घसा मोकळा होतो.

सरांना वाटलं, वेळ फुकट जाईल. मी त्यांना शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांचं काम सांगितलं. 1970च्या दशकात त्यांनी दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम 1 सेकंद थांबतात, आणि 3 सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. या साधनांचा खरा उपयोग मला तेवढाच दिसतो: ती थांबतात. घाईत वापरली तर तीही थांबत नाहीत. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर सगळं ठरवून टाकणारे गट बघा.

पालकांनी ‘आज बोललीस का?’ विचारू नये, ती हजेरी होते. ‘कुणाचा मुद्दा पटला?’ विचारा. मात्र मूल घरी बोलतं आणि शाळेत महिनाभराहून अधिक काळ कुणाशीच बोलत नाही, असं असेल तर तज्ज्ञांना दाखवा. तो प्रश्न वेगळा.

शेवटच्या भेटीत ती मला गटातल्या सगळ्यात बोलक्या मुलाबद्दल सांगत होती. “मॅडम, पाच मिनिटांत त्याची एकच ओळ होते. त्याला लिहायलाच सुचत नाही. आता तो सांगतो आणि मी टाइप करते.”

“आणि चुकलं तर?”

“तो सुधारतो. माझ्या समोरच.”